गालिचा-पानाची पाठ

आमचे जावई कलावंत आहेत, हे लग्नाआधी मला कुणी सांगितलं नव्हतं. कुणाला दोष देत नाही, कारण ते त्यांनाही लग्नानंतरच कळलं. तोवर ते एका विमा कंपनीत बसत. कंपनी बुडाली, ते वर आले, आणि येताना थेट आमच्या माडीवर आले. तात्पुरते. घरजावई हा शब्द आमच्या घरात कुणी उच्चारत नाही. मी फक्त अधूनमधून विचारतो, "जावईबापू, माडी आवडली ना?"

पहिली काही वर्षं त्यांनी जलरंगात घालवली. त्यांच्या समुद्रापुढे उभं राहून लोक "टेकडी छान उतरलीय" म्हणायचे. मग माती आली. मग किनाऱ्यावर वाहून आलेल्या लाकडांचे पक्षी. दर वर्षी ते एक कृती कलामंडळाच्या वार्षिक प्रदर्शनाला पाठवत आणि दर वर्षी मंडळ ती साभार परत करत असे. मातीचा घोडा परत आला तो बागेतच राहिला. पाहुणे त्याला बेडूक समजतात. आम्ही दुरुस्त करत नाही, कारण बेडूक म्हणून तो खरोखर चांगला आहे.

यंदा माझ्या मुलाने विषय काढला. त्याचं फरश्यांचं दुकान आहे, चालतं. रविवारी जेवताना तो म्हणाला, "दाजी, या वर्षी प्रदर्शनात लागलं तर लागलं. नाही लागलं तर सोमवारपासून दुकानात या. काउंटरवर मला घरचं माणूस पाहिजे."

"लागेल," जावई म्हणाले.

"आणि नाही लागलं तर?"

"तर येईन. आणि पुन्हा ब्रशला हात लावणार नाही."

आमची लेक डोळ्यांच्या दवाखान्यात लोकांचे नंबर तपासते. दिवसभर माणसांना "आता स्पष्ट दिसतंय का?" असं विचारून ती घरीही त्याच आवाजात बोलते. ती म्हणाली, "हे तू माझ्यासमोर बोललायस. बाबा, ऐकलंत ना?"

मी ऐकलं होतं. इतकं गोड वाक्य माझ्या घरात बऱ्याच दिवसांत कुणी बोललं नव्हतं.

त्याच आठवड्यात जावई जुन्या पुस्तकांच्या दुकानातून दाराएवढं एक पुस्तक घेऊन आले. चकचकीत पानं, पानोपानी फोटो. बाराशे वर्षांपूर्वी पश्चिमेकडच्या बेटांवर, थंडीवाऱ्यात, ख्रिस्ती मठात राहणाऱ्या लोकांनी हाताने लिहिलेल्या आणि रंगवलेल्या पोथ्यांचे. केल्टिक शैली म्हणतात तिला. काही पानांवर एक अक्षरही नाही, काठापासून काठापर्यंत नुसती नक्षी. त्यांना गालिचा-पान म्हणतात, आणि म्हणायलाच पाहिजे, कारण बघता बघता आपल्याला त्यावर बसावंसं वाटतं.

"बाबा, हे बघा," जावई म्हणाले. "ही पट्टी दुसरीच्या वरून जाते, मग पुढचीच्या खालून. मग वरून, मग खालून. पूर्ण पानभर फिरते आणि शेवटी स्वतःलाच येऊन मिळते. सुरुवात नाही, शेवट नाही."

"तुमच्या मंडळाच्या सभेसारखं."

ते हसले नाहीत. कलावंतांचं हे एक असतं. आपल्या कामावर इतरांनी हसलेलं त्यांना चालतं, म्हणजे चालवून घ्यावं लागतं, पण विनोदावर हसायला त्यांना सवड नसते.

मग शिक्षण सुरू झालं. शिकवणारा कुणी नव्हता, त्यामुळे प्रगती झपाट्याने झाली. आधी कागदावर ठिपके. ठिपक्यांच्या मधून तिरक्या रेघा. रेघांच्या पट्ट्या. इथपर्यंत सगळं लहान मुलांच्या चित्रकलेच्या वहीसारखं सुरळीत. पण दोन पट्ट्या एकमेकींना भेटल्या की दोघीही वरूनच जाण्याचा हट्ट धरायच्या. एखादी सलग तीनदा खालून जायची, एखाद्या सोशिक सुनेसारखी. आणि फिरून स्वतःला मिळण्याऐवजी कुठेतरी कोपऱ्यात, सुतळीचं टोक लोंबावं तशी, लोंबत राहायची.

पहिलं पान पाहून माझा मुलगा म्हणाला, "आमच्या गोदामातली वायरिंग अशीच आहे. इलेक्ट्रिशियन पळून गेला."

जावयांनी यावर उपाय शोधला, आणि इथे मी त्यांच्या बुद्धीला दाद देतो. मूळ पानांवर पट्ट्यांच्या टोकांना प्राण्यांची तोंडं असतात. कुत्रे, पक्षी, साप, एकमेकांची शेपटी चावणारे. जावयांनी ठरवलं की जिथे पट्टी चुकेल तिथे प्राणी काढायचा. बारीक चूक असली तर चिमणी. मोठी असली तर सिंह. महिनाभरात त्यांच्या पानांवर इतकं प्राणिजीवन दाटलं की नक्षीला हलायला जागा उरली नाही.

आमची ही त्यांची बाजू घेते. ती म्हणाली, "हा उंदीर किती गोड आहे."

"आई, तो सिंह आहे."

"असू दे. गोड आहे."

"तुझा नंबर वाढलाय, आई," लेक म्हणाली. मग तिनेही वाकून पाहिलं, आणि आईचा नंबर तपासायची गरज नाही असं तिच्या लक्षात आलं.

एव्हाना मी दुकानातल्या काउंटरमागे जावयांना कोणती खुर्ची शोभेल याचा विचार करू लागलो होतो. तेवढ्यात त्यांना शोध लागला.

एका दुपारी ते पुस्तक छातीशी धरून जिना उतरले. एका गालिचा-पानाच्या फोटोवर त्यांनी बोट ठेवलं. "इथे बघा. मुख्य नक्षीच्या मागे."

मी भिंग घेऊन पाहिलं. लाल-पिवळ्या पट्ट्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत, धुरकट करड्या रंगाच्या अस्पष्ट रेघा होत्या. कुठे वळण, कुठे गाठीचा तुकडा, कुठे नुसता डाग.

"नक्षीच्या मागे दुसरी नक्षी आहे," जावई म्हणाले. "मुद्दाम पुसट ठेवलेली. आणि ती नेहमी तुटलेली असते, कधीच पूर्ण दिसत नाही. आजवर कुणाच्या लक्षात आलेलं नाही."

"पुस्तकात काय लिहिलंय त्याबद्दल?"

"मी चित्रांच्या पुस्तकातला मजकूर वाचत नाही, बाबा. दृष्टी गढूळ होते."

त्यांनी त्या रेघांना नाव दिलं. छायास्तर. आणि मग पाण्यात शाईचा थेंब टाकून, मांजराच्या मिशीएवढ्या ब्रशने, ते त्या धुरकट रेघा आपल्या पानावर उतरवू लागले. खरं सांगायचं तर ती त्यांच्या पानावरची सर्वांत नीट उतरलेली गोष्ट होती. जे स्पष्ट काढायचं ते त्यांना जमत नव्हतं, पण अस्पष्ट काढण्यात त्यांचा हात बसला होता. मंडळाला पाठवायच्या टिपणात त्यांनी लिहिलं, "दृश्य नक्षी म्हणजे जगणं, छाया म्हणजे स्मृती." मी ते वाचलं आणि मला कळलं की यंदा त्यांची निवड होणार.

मंडळाचे अध्यक्ष स्वतः घरी आले. उंच, रुंद, गळ्यात मफलर. बोलताना डोळे मिटतात, त्यामुळे समोरचा माणूस उठून गेला तरी त्यांना फरक पडत नाही. त्यांची एक सवय गावाला माहीत आहे. कुणी काहीही सांगितलं की ते म्हणतात, "मी तिकडेच येत होतो."

त्यांनी पान पाहिलं. प्राणी पाहिले. चेहऱ्यावर काही हललं नाही. मग करड्या रेघा पाहिल्या आणि डोळे मिटले.

"नक्षी ठीक आहे," ते म्हणाले. "पण ही छाया. इथे काळ बोलतोय."

"ती स्मृती आहे," जावई म्हणाले.

"मी तिकडेच येत होतो." त्यांनी डोळे उघडले. "मात्र कागदावर नको. मूळचे लोक कातड्यावर काढायचे. चर्मपत्र मागवा. दर्शनी भिंत तुमची."

खाली येऊन चहा पिताना ते मला म्हणाले, "तुमच्या जावयांनी बाराशे वर्षांचं मौन फोडलंय." मी म्हणालो, "ते आमच्याकडे असल्यापासून मौन टिकतच नाही." तोवर त्यांचे डोळे पुन्हा मिटले होते.

चर्मपत्र गुंडाळी होऊन आलं. पातळ, पिवळसर, हातात घेतलं की कडकड वाजणारं. मेलेल्या बकरीचं कातडं माडीवर राहील, स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडणार नाही, असं आमच्या हिने बजावलं. लेकीने नाक दाबून ते फळीवर ताणून बसवायला मदत केली. जावयांनी त्यावर अंतिम पान रंगवलं. पट्ट्या, प्राणी, छाया, सगळं. मंडळाची छापील पत्रिकाही आली. अर्धी पत्रिका छायास्तरावर, लेखक अध्यक्ष. माझा मुलगा काउंटरसाठी दुसरा माणूस शोधायला लागला.

मंडळाचा एक नियम आहे. कृतीच्या मागे कलावंताने आपलं नाव ठळक काळ्या शाईत लिहायचं. एका वर्षी खजिनदारांचा सूर्यास्त चुकून दुसऱ्याच कुणाच्या घरी गेला आणि पुढचं प्रदर्शन येईपर्यंत दोन्ही घरांत कुणाच्या लक्षात आलं नाही, तेव्हापासूनचा हा नियम. चित्र न्यायच्या आदल्या आठवड्यात, दुपारी, जावयांनी चर्मपत्र फळीवरून सोडवलं, उलटं केलं, आणि बोरूने आपलं नाव लिहिलं. लफ्फेदार, शेपटीसकट.

मी खाली वर्तमानपत्र वाचत होतो. वरून हाक आली, "बाबा, जरा येता?"

मी गेलो. पान टेबलावर सुलटं पडलं होतं. सिंह होता, चिमण्या होत्या. आणि सिंहाच्या शेपटीखाली, मोकळ्या पिवळ्या जागेत, धुरकट करड्या रंगात, उलट्या अक्षरांत, जावयांचं नाव होतं. आजूबाजूच्या छायास्तराशी त्याचा रंग अगदी तंतोतंत जुळत होता.

"इथे माझं नाव आलंय," ते म्हणाले.

"तुम्हीच लिहिलंत ना?"

"मी मागे लिहिलं."

"मग मागचं पुढे आलंय."

ते पानाकडे बघत राहिले. मग पुस्तकाकडे. मग पहिल्यांदाच त्यांनी पुस्तकातल्या चित्राखालच्या बारीक ओळीवर बोट ठेवलं आणि पहिलीतल्या मुलासारखं ओठ हलवत वाचलं. चर्मपत्र पातळ असल्याने मागच्या बाजूची शाई पुढे दिसते, असं तिथे लिहिलं होतं. एवढंच. आणखी वीस चित्रांखालीही तेच लिहिलं असावं, कारण ते पानं उलटत गेले आणि प्रत्येक पानागणिक त्यांची मान थोडी खाली गेली.

"म्हणजे त्यांच्या मागच्या बाजूला दुसरं चित्र होतं," ते म्हणाले.

"असणारच. एवढं कातडं कोण एकाच बाजूने वापरेल?"

"आणि मी ते..."

"हो."

या क्षणाची मी कित्येक महिने वाट बघितली असती, जर असा क्षण येईल हे मला माहीत असतं. चार-पाच वाक्यं जिभेवर तयार होती. पण त्यांनी नुसतं विचारलं, "अध्यक्षांकडे माझ्याबरोबर याल?" आणि मी चप्पल शोधू लागलो. वाक्यं पुढे कधीतरी वापरता आली असती.

अध्यक्षांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"पत्रिका छापून झालीय," ते म्हणाले.

"पण ते चुकीचं आहे. ती छाया नाही, मागची शाई आहे."

"दिसते ना?"

"दिसते, पण..."

"दिसतं ते असतं. आणि माझं भाषण तयार आहे." त्यांनी डोळे मिटले. मुलाखत संपली.

घरी लेक म्हणाली, "हे बघ, मागे घेतलंस तर सोमवारी दुकान. तूच बोललायस. आणि नाही घेतलंस तर कोण फ्रेम उलटून बघणार आहे?"

"मला माहीत आहे ना," जावई म्हणाले.

"मग काय करणार आहेस?"

"बघतो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी पातं घेऊन मागचं नाव खरवडून काढलं. कातड्यावरून शाई खरवडता येते, हेही त्यांनी पुस्तकात वाचलं होतं. आता ते वाचत होते. मग कोऱ्या पाठीवर त्यांनी ठिपके मांडायला घेतले. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "पुढे एवढी छाया काढून ठेवलीय. तिला मागे काहीतरी मालक पाहिजे."

पंचाईत अशी होती की या बाजूची नक्कल करायला काही नव्हतं. पुस्तकात फक्त पुढची बाजू. मागची होती ती तुटक छायेत, इथे वळण, तिथे गाठीचा तुकडा. मधलं सगळं त्यांना स्वतः शोधायचं होतं, ही पट्टी इथून निघून तिथे पोचते तर मध्ये कुणाच्या वरून आणि कुणाच्या खालून. ते पान उजेडाला धरत, छाया कुठे पडली ते बघत, कच्च्या कागदावर रेघा मारत, फाडत, पुन्हा मारत. माडीवरून कागद फाटल्याचे आवाज येत. आमच्या हिने वर चहा नेला आणि खाली येऊन काळजीच्या सुरात सांगितलं, "यात एकही उंदीर नाहीये."

शेवटी त्यांनी मला वर बोलावलं. "बाबा, बोट फिरवून बघा. कुठूनही सुरू करा."

मी मोठ्या आशेने बोट ठेवलं. वरून, खालून. वरून, खालून. कोपऱ्यावर वळण घेऊन पट्टी मागे फिरली, दुसरीच्या खाली गेली, वर आली. मी दोन वेळा थांबलो, इथे नक्की अडकणार म्हणून. अडकली नाही. पूर्ण पान हिंडून माझं बोट जिथून निघालं होतं तिथेच आलं. एक प्राणी नाही, एक टोक लोंबत नाही.

"ठीक आहे," मी म्हणालो. माझा त्या दिवशी फार विरस झाला.

फ्रेम करणाऱ्याकडून त्यांनी दोन्ही बाजूंना काच लावून घेतली. प्रदर्शनाच्या संध्याकाळी ती दर्शनी भिंतीवर होती, अर्थातच सिंह बाहेर, पाठ भिंतीकडे. गर्दी चांगली होती. मुलगा आणि लेक मागे उभे होते. अध्यक्ष डोळे मिटून बोलत होते. स्मृती झाली, विस्मृती झाली, बाराशे वर्षांचं मौन झालं. त्यांनी हातातल्या काठीने करड्या रेघा दाखवल्या, डोळे मिटलेलेच, त्यामुळे काठी शेजारच्या चित्रातल्या नारळावर टेकली.

जावई पुढे गेले. त्यांनी फ्रेम खिळ्यावरून काढली, उलटी केली आणि पुन्हा टांगली.

"ही छाया नाही," ते म्हणाले. "समोर पुसट दिसत होतं ते या बाजूचं उतरलेलं आहे. पुस्तकातही तसंच होतं. मला कळलं नव्हतं. मी आधी छाया काढली आणि मग चित्र."

आता काय होणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. पत्रिका, भाषण, अध्यक्ष, सगळं एका खिळ्यावरून खाली येणार होतं. मी पुढच्या रांगेत सरकलो.

अध्यक्षांनी डोळे उघडले. फ्रेमकडे पाहिलं. डोळे मिटले.

"मी तिकडेच येत होतो," ते म्हणाले.

टाळ्या वाजल्या. दुहेरी छायास्तर, असं त्यांनी त्याचं नामकरण केलं. पुढच्या वर्षी जावयांनी मंडळात छायास्तराचा वर्ग घ्यावा, असंही तिथल्या तिथे जाहीर झालं. मग लोक चहाकडे वळले, आणि दोन कार्यकर्त्यांनी फ्रेम पुन्हा सरळ केली, कारण पत्रिकेतल्या फोटोशी ती जुळत नव्हती.

"लागलं म्हणायचं ना?" माझा मुलगा लेकीला विचारत होता.

"लागलं. दर्शनी भिंतीवर लागलंय, डोळे तपासून घे."

जावई भिंतीशी उभे होते. सिंह त्यांच्याकडे बघत होता. एक बाई "उंदीर काय सुरेख आहे" म्हणून गेल्या. जावयांनी फ्रेम खाली काढली, काखेत मारली आणि दाराकडे चालू लागले. कार्यकर्त्यांनी अडवलं नाही. त्यांना तो छायास्तराचाच भाग वाटला असावा.

रस्त्यात ते माझ्या मुलाला म्हणाले, "सोमवारी दुकान किती वाजता उघडतं?"

"दाजी, पण तुमचं लागलं ना?"

"त्यांनी चुकलेली बाजू लावलीय. ते लागणं नव्हे."

लेक थांबली. "आणि ब्रश?"

"ब्रश सोडणार नाही."

"तू बोलला होतास."

"नाही लागलं तर, असं बोललो होतो. मंडळाच्या हिशेबाने लागलंय. मला आता हे शिकायचं आहे, आणि ते बराच काळ चालेल. तोवर दिवसा काहीतरी करायला नको का?"

घरापर्यंत लेक त्यांची फ्रेम एका बाजूने धरून चालली.

जावई आता दुकानात बसतात. पहिल्याच आठवड्यात त्यांनी एका गिऱ्हाइकाला नक्षीदार फरशी विकायला नकार दिला, कारण चार फरश्या जोडल्या तर वेल कडेला जुळत नव्हता. मुलगा माझ्याकडे तक्रार घेऊन आला. मी म्हणालो, घरचं माणूस तूच मागितलं होतंस.

फ्रेम आमच्या जिन्यात टांगलेली आहे, पाठ बाहेर. सिंह भिंतीकडे तोंड करून असतो, त्याला तेच बरं. माडीवर संध्याकाळी कागद फाटतात. मी जिन्यावरून जाता-येता काचेवर बोट ठेवतो आणि एखादी पट्टी धरून निघतो. वरून, खालून, वरून, खालून. कुठेतरी एक चूक असणार. अजून सापडली नाही.